सॉकेट शिकताना हरवलेलं अकरा लिटर दूध

आजचा विषय सॉकेट प्रोग्रॅमिंग. ज्यांना पायथन किंवा सी थोडंफार येतं, फाइल उघडून वाचता-लिहिता येते, आणि आता दोन कॉम्प्युटरना एकमेकांशी बोलायला लावायचंय, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. मुरलेल्या मंडळींना यातलं बरंच ठाऊक असेल. त्यांनीही ऐका, कारण मी सांगणार आहे ती चूक मुरलेले लोकही करतात.

आधी पाच मिनिटांत पाया घालू आणि मग माझी फजिती सांगतो.

सॉकेट म्हणजे काय? तुमच्या प्रोग्रॅमच्या हातात ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेलं नेटवर्कचं एक टोक. दुसरं टोक दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमच्या हातात. ही कल्पना आज आपण वापरतो त्या रूपात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून आली, १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्समधून. म्हणून तिला बर्कली सॉकेट म्हणतात. विंडोज असो, लिनक्स असो, तुमचा फोन असो, आतली फंक्शनं जवळपास त्याच नावांची आहेत. एकदा शिकलात की चाळीस वर्षं टिकलेली गोष्ट शिकलात.

सर्व्हरच्या बाजूला क्रम असा. सॉकेट तयार करायचं. बाइंड करायचं, म्हणजे कुठल्या पत्त्यावर आणि कुठल्या पोर्टवर बसणार ते ठरवायचं. पोर्ट म्हणजे नुसता नंबर, ० ते ६५५३५ मधला. १०२४ च्या खालचे नंबर लिनक्ससारख्या सिस्टिमवर सहसा खास परवानगीशिवाय मिळत नाहीत, म्हणून आपण ५००० किंवा ८००० असं काहीतरी घेतो. मग लिसन, म्हणजे दुकान उघडलं. आणि मग ॲक्सेप्ट, म्हणजे आलेलं गिऱ्हाईक आत घेतलं.

इथे नवशिक्या माणसाची पहिली अडखळ होते. ॲक्सेप्ट तुम्हाला एक नवीन सॉकेट देतं. जुनं सॉकेट तसंच लिसन करत बसलेलं असतं. दवाखान्यातली केसपेपरची खिडकी आठवा. खिडकी पेशंटला तपासत नाही, ती त्याला डॉक्टरांकडे पाठवते आणि पुढच्याला हाक मारते. लिसन करणारं सॉकेट ही खिडकी आहे. बोलणं करायचं ते ॲक्सेप्टने दिलेल्या नवीन सॉकेटवर.

क्लायंटच्या बाजूला सोपं आहे. सॉकेट तयार करा, कनेक्ट करा, आणि मग दोन्हीकडून सेंड आणि रिसीव्ह. झालं. वीस ओळींत प्रोग्रॅम होतो. इकडून 'नमस्कार' पाठवला की तिकडे 'नमस्कार' छापला जातो. तो पहिल्यांदा छापला गेला तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

घोळ याच्या पुढे सुरू होतो.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कोल्हापूर जिल्ह्यात आमच्या पाहुण्यांच्या गावी एक छोटं दूध संकलन केंद्र होतं. बाहेर काट्यापाशी एक जुना कॉम्प्युटर, आतल्या खोलीत सचिवांचा दुसरा. काट्यावरचा मुलगा सभासद क्रमांक, फॅट आणि लिटर कॉम्प्युटरवर टाकायचा. तेच आकडे आत पुन्हा वहीतून उतरवून घेतले जायचे, आणि मग पावती. पाहुण्यांनी विचारलं, "तू कॉम्प्युटर शिकतोस ना, मग हे दोन डबे जोडता येतात का?"

मी नुकतंच सॉकेट शिकलो होतो. नवीन हातोडी मिळाली की खिळे शोधत फिरावं, तशी माझी अवस्था होती. मी लगेच हो म्हटलं.

प्रोग्रॅम साधा होता. प्रत्येक नोंदीची एक ओळ. उदाहरणार्थ: ०४१७,४.१,१२.४० आणि शेवटी न्यूलाइन. सभासद ४१७, फॅट ४.१, दूध १२ लिटर ४०. फाइलमध्ये हे आकडे अर्थातच इंग्रजी होते, म्हणजे एका आकड्याला एक बाइट. मोजून बघा: चार, स्वल्पविराम, तीन, स्वल्पविराम, पाच, न्यूलाइन. १५ बाइट. लिटर एक आकडी असले तर १४.

आतल्या कॉम्प्युटरवर मी लिहिलं: रिसीव्ह करा, जास्तीत जास्त २५६ बाइट. २५६ का? कारण नोंद १५ बाइटांची, २५६ म्हणजे भरपूर झालं. जे आलं ते न्यूलाइनवर तोडा, प्रत्येक ओळ वहीत लिहा, पावती छापा, पुन्हा रिसीव्ह. एखादी ओळ वाचताना गडबड झाली तर प्रोग्रॅम बंद पडू नये म्हणून मी त्याला ट्राय-एक्सेप्ट लावलं आणि एक्सेप्टमध्ये लिहिलं, पास. म्हणजे चूक झाली तरी गप्प पुढे जा. हे 'पास' लक्षात ठेवा.

घरी एकाच लॅपटॉपवर, १२७.०.०.१ वर, शेकडो नोंदी टाकून बघितल्या. एक चूक नाही. केंद्रावर वायर टाकून बसवलं. महिनाभर सुरळीत. सचिवांनी चहा पाजला. मी कॉलेजात मित्रांना सांगत सुटलो.

मग एका बिलाच्या दिवशी एक आजी आल्या. बिल दर दहा दिवसांनी व्हायचं. आजींच्या हातात भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान होतं. रोजच्या चौकोनात सकाळ-संध्याकाळचं दूध पेन्सिलीने लिहिलेलं. त्यातल्या एका सकाळी त्यांचे होते १२.४०. आमच्या बिलात त्याच सकाळी होता १.००.

मी त्या दिवशी तिथेच होतो. सचिवांनी माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणालो ते सांगायला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "आजी, कॉम्प्युटर चुकत नाही. हे टीसीपी आहे, यात एक अक्षर गळत नाही. तुमच्याकडूनच लिहिताना चुकलं असेल."

आजी म्हणाल्या, "माझं दूध एक लिटर कधी आलंय व्हय रं बाळा? दोन गाई हाईत माझ्या, शेळ्या न्हाईत."

सगळे हसले. मी पण हसलो, पण घरी जाताना मनात ते एक लिटर खुपत राहिलं. बारा लिटर चाळीसचं अकरा झालं असतं, बारा झालं असतं, तर काट्यावरच्या मुलाची चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण नेमकं एक? १२.४० मधला पहिला आकडा एक आहे, हे मला रात्री जेवताना दिसलं.

दुसऱ्या दिवशी काट्यावरच्या कॉम्प्युटरमधली फाइल काढली. तिथे त्या सकाळची नोंद स्वच्छ होती, १२.४०. म्हणजे आजी बरोबर, काटा बरोबर, काट्यावरचा मुलगाही बरोबर. चूक फक्त माझ्या प्रोग्रॅममध्ये उरली.

त्या सकाळी काय झालं होतं, विचारलं. सचिव म्हणाले, विशेष काही नाही, प्रिंटरचा कागद संपला होता, रोल आणायला गेलो, दहा-पंधरा मिनिटं लागली.

विशेष काही नाही! सगळं विशेष त्यातच होतं. कागद नाही म्हणून माझा प्रोग्रॅम पावती छापण्याच्या ओळीवर थांबून राहिला. तो रिसीव्ह करेना. बाहेर काटा मात्र चालूच. पंचवीसेक नोंदी आल्या. त्या गेल्या कुठे? आतल्या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमने त्या आपल्या बफरमध्ये धरून ठेवल्या, एकामागे एक, सलग. कागद आला, प्रोग्रॅम जागा झाला आणि म्हणाला: जास्तीत जास्त २५६ बाइट द्या. सिस्टिमने नेमके २५६ दिले.

मी त्या सकाळच्या नोंदी क्रमाने मोजल्या. प्रिंटर थांबल्यानंतरच्या पहिल्या १७ नोंदींत ८ होत्या १५ बाइटांच्या आणि ९ होत्या १४ च्या. १२० अधिक १२६, २४६ बाइट. उरले १०. अठरावी नोंद आजींची. तिचे पहिले दहा बाइट: ०४१७,४.१,१. बस्स. तिथे २५६ संपले. माझ्या प्रोग्रॅमने वाचलं: सभासद ४१७, फॅट ४.१, दूध १ लिटर. त्याला हरकत घेण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पुढच्या रिसीव्हला आलं २.४० आणि न्यूलाइन. या ओळीत स्वल्पविरामच नाही, म्हणून चूक झाली. आणि चूक झाली की काय करायचं? पास. गप्प पुढे.

टीसीपीने एकही बाइट गाळला नव्हता. क्रमही बदलला नव्हता. त्याने दिलेला शब्द त्याने पाळला होता. मीच न दिलेला शब्द गृहीत धरला होता.

मंडळी, आजच्या भागातली एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. टीसीपी बाइटांची सलग धार देतं, नोंदी देत नाही. एक सेंड म्हणजे एक रिसीव्ह, असं नातं कुठेच लिहिलेलं नाही.

केंद्रावरच बघा. आजींनी किटली कॅनमध्ये ओतली, मागून दुसऱ्याने आपली ओतली. खाली तोटी उघडली तर दूध सगळं येणार, थेंब कमी होणार नाही. पण कुणाची किटली कुठे संपली ते तोटीला कळत नाही. तुम्ही तोटीखाली लिटरचं माप धरलंत तर लिटरभर भरेल, ते अर्धं एकाचं आणि अर्धं दुसऱ्याचं असेल. यूडीपी नावाचा दुसरा प्रकार आहे, तो पिशवीच्या दुधासारखा. एक पिशवी पाठवली तर पोचेल तेव्हा एक अख्खी पिशवी पोचेल. पण एखादी पोचणारच नाही, एखादी मागची पुढे येईल, आणि त्याबद्दल तुम्हाला कुणी कळवणार नाही. दोन्हींचे उपयोग आहेत. तुम्ही कुठलं घेतलंय ते माहीत पाहिजे.

हे काही गुपित नव्हतं. टीसीपीचा एक जुना दस्तऐवज सप्टेंबर १९८१ चा, आरएफसी ७९३, संपादक जॉन पोस्टेल. त्यात पुश नावाची सोय आहे, साठलेला डेटा लगेच पुढे ढकलण्यासाठी. पण या पुशने नोंदीची सीमा ठरत नाही, हे तिथे स्पष्ट सांगितलेलं आहे. मी ते वाचलं नव्हतं. मी 'टीसीपी भरवशाचं आहे' एवढंच वाक्य पाठ केलं होतं आणि ते एका आजींच्या तोंडावर फेकलं होतं.

मग घरच्या लॅपटॉपवर सगळं बरोबर का चालत होतं? कारण तिथे घेणारा नेहमी मोकळा होता. नोंद आली की लगेच उचलली जायची, साठायला वेळच नव्हता. खऱ्या जगात प्रिंटर थांबतो, डिस्क हळू होते, वाय-फाय मध्येच जातं. शिवाय मोठा डेटा वाटेत तुकड्यांत जातो, इथरनेटवर एका पाकिटात साधारण १५०० बाइटच मावतात. आणि छोट्या सेंडचा माल एकत्र करून पाठवण्याची युक्ती जॉन नेगल यांनी १९८४ साली मांडली, ती आजही बहुतेक सिस्टिमवर आपोआप चालू असते. म्हणजे तुमची एक नोंद दोन तुकड्यांत येऊ शकते आणि तीन नोंदी एकदम येऊ शकतात. दोन्ही गोष्टी रोजच्या आहेत.

आता उपाय. नोंद कुठे संपते हे सांगण्याचे दोन सरळ मार्ग आहेत.

पहिला, शेवटाची खूण. माझ्याकडे न्यूलाइन होतीच, पण मी ती अर्धवट वापरली. बरोबर पद्धत अशी: एक 'बाकी' नावाचा डबा ठेवा. जे रिसीव्ह होईल ते बाकीला जोडा. बाकीमध्ये न्यूलाइन आहे का बघा. असेल तर तिथपर्यंतची ओळ काढून घ्या आणि वापरा. पुन्हा बघा, अजून न्यूलाइन आहे का. नसेल तर उरलेलं तसंच ठेवा आणि पुढच्या रिसीव्हला जा. उरलेल्याला हात लावायचा नाही, ती अजून नोंद झालेली नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये हा बदल सहा ओळींचा होता. त्या सहा ओळी असत्या तर '०४१७,४.१,१' बाकीत पडून राहिलं असतं, '२.४०' येऊन त्याला चिकटलं असतं आणि बारा लिटर चाळीस झाले असते.

दुसरा मार्ग, आधी लांबी सांगायची. पहिल्या चार बाइटांत 'पुढे इतके बाइट येतील' हे पाठवायचं, आणि घेणाऱ्याने तेवढे पुरे होईपर्यंत रिसीव्ह करत राहायचं. फोटो किंवा फाइल पाठवताना हेच बरं, कारण फोटोच्या आत न्यूलाइनचा बाइट कुठेही येऊ शकतो. एचटीटीपी १.१ मध्ये दोन्ही मार्ग आहेत. हेडर संपल्याची खूण म्हणून रिकामी ओळ, आणि पुढच्या मजकुरासाठी बहुधा आधी सांगितलेली लांबी.

आपल्या मराठी मंडळींसाठी एक खास सूचना. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'दूध' हा शब्द द, उकार आणि ध मिळून ९ बाइटांचा. रिसीव्ह झालेला तुकडा लगेच अक्षरांत बदलायला गेलात तर कधीतरी अक्षराच्या मधोमध तुकडा पडेल आणि प्रोग्रॅम आपटेल. इंग्रजी मजकुरात हे कधी दिसत नाही, म्हणून इंग्रजी उदाहरणांवर शिकलेल्यांना ते कळत नाही. आधी बाइटांमध्येच न्यूलाइन शोधा, ओळ पूर्ण झाली की मग अक्षरांत बदला. न्यूलाइनचा बाइट यूटीएफ-८ मधल्या कुठल्याही मराठी अक्षराच्या आत येत नाही, त्यामुळे ही पद्धत पक्की आहे.

आणखी तीन खड्डे पटकन सांगतो.

एक, सेंडसुद्धा सगळं पाठवेलच असं नाही. ते किती बाइट घेतले ते परत सांगतं. उरलेले पाठवणं तुमचं काम. पायथनमध्ये सेंडऑल हे काम करून देतं, ते वापरा.

दोन, रिसीव्हने शून्य बाइट दिले तर समोरच्याने आपली पाठवण्याची बाजू बंद केली आहे. तिथे लूप थांबवा, नाहीतर प्रोग्रॅम रिकाम्या हवेत गरगर फिरत राहतो आणि लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागतो. पण वायरच उपसली तर शून्यही येत नाही, प्रोग्रॅम नुसता वाट बघत बसतो. म्हणून टाइमआउट लावा.

तीन, टीसीपीची पोच म्हणजे समोरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचलं, एवढंच. समोरच्या प्रोग्रॅमने ते वाचलं, समजून घेतलं, वहीत लिहिलं, असा त्याचा अर्थ नाही. त्या सकाळी सगळे बाइट आत पोचलेलेच होते, फक्त बफरमध्ये बसून होते. पैशाचा, धान्याचा, औषधाचा हिशोब असेल तर तुमच्या प्रोग्रॅमनेच उलट उत्तर पाठवलं पाहिजे: ४१७ ची नोंद मिळाली, १२.४०. मी नंतर हे उत्तर काट्यावरच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत दाखवायला लागलो. सभासद ते बघूनच किटली उचलायचे. माझ्या प्रोग्रॅमवर त्यांनी ठेवलेली ती देखरेख होती, आणि ती योग्यच होती.

आणि ते 'पास'. चूक गिळू नका. न समजलेली ओळ निदान एका फाइलमध्ये वेळेसकट लिहून ठेवा. मी तेवढं केलं असतं तर '२.४०' ही अनाथ ओळ त्याच दिवशी सापडली असती, आणि आजींना दहा दिवसांनी कॅलेंडर घेऊन यावं लागलं नसतं.

आता घरचा अभ्यास. नोंदी पाठवणारा एक प्रोग्रॅम आणि घेणारा एक लिहा. मग पाठवणाऱ्याला मुद्दाम त्रासदायक करा. एकदा एकेक बाइट, मध्ये थोडं थांबून. एकदा वीस नोंदी एकाच सेंडमध्ये. एकदा नोंद बरोबर मध्ये तोडून. घेणाऱ्याकडे रिसीव्हची मर्यादा आधी १ करा, मग ७, मग २५६. प्रत्येक वेळी वहीत उतरलेल्या नोंदी अक्षरशः सारख्या आल्या पाहिजेत. एका वेळेलाही फरक पडला तर प्रोग्रॅम चुकीचा आहे, मग तो महिनाभर चाललेला असो. त्यानंतर दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर चालवा. तिथे जोडणी झाली नाही तर आधी बघा सर्व्हर १२७.०.०.१ वर तर बांधलेला नाही ना, तो पत्ता फक्त त्याच कॉम्प्युटरपुरता असतो. मग फायरवॉल बघा. आणि सर्व्हर बंद करून लगेच चालू करताना 'पत्ता वापरात आहे' अशी तक्रार आली तर घाबरू नका. जुन्या जोडणीचा हिशोब सिस्टिम थोडा वेळ राखून ठेवते. रीयूज ॲड्रेस हा पर्याय बाइंडच्या आधी लावा.

शेवटी आजींचं सांगतो. सचिवांनी पुढच्या बिलात अकरा लिटर चाळीसचे पैसे दिले. मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "आजी, तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं." त्यांनी काय चुकलं ते विचारलं. मी किटली आणि कॅनचं उदाहरण देऊन सांगितलं. तुम्हाला मघाशी दिलेलं उदाहरण मला त्या दिवशी, त्यांना समजावताना सुचलं. त्या म्हणाल्या, "मग किटलीवर नाव लिवायचं की रं."

सहा ओळींचा बदल त्यांनी एका वाक्यात सांगितला. तुमच्या किटलीवर नाव लिहा, मंडळी.